कडुलिंबाची रांग आणि कोरडी बोडी

नागपूरहून परतल्यापासून कुठंही गेले की मी आधी सावली शोधते. साताऱ्यात त्याची एवढी गरज नाही. इथं उन्हाळा असला तरी संध्याकाळी डोंगरावरून वारा उतरतो आणि दिवसाचं सगळं माफ करून टाकतो. तरी मंडईत जाताना मी रस्त्याची बाजू बदलते, आणि बरोबरची शेजारीण विचारते, "काय शोधताय?" मे महिन्यातलं नागपूर ज्यानं पाहिलं नाही त्याला हे सांगून कळत नाही. लिहून कळेल का, तेही मला माहीत नाही. पण लिहायला हवं, कारण तिथं जे झालं ते अजून माझ्या मनातून हललेलं नाही.

मी नकाशांचं काम करते. उपग्रहांनी टिपलेली चित्रं, जमिनीचं तापमान, पावसाच्या नोंदी, उतार, घरांची दाटी असं सगळं एकावर एक ठेवायचं आणि शहराच्या कुठल्या भागात काय बिघडतंय, काय वाचवता येईल, ते सांगायचं. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर पडद्यासमोर डोळे चोळत बसायचं, आणि शेवटी समोरचा माणूस विचारतो, "थोडक्यात सांगा, करायचं की नाही?" या कामात मला बरीच वर्षं झाली. या प्रवासाला निघाले तेव्हाच मी थकलेली होते.

बोलावणं प्रज्ञाचं होतं. प्रज्ञा मेश्राम नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पुण्यातल्या एका प्रशिक्षणात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो होतो, तेव्हापासूनची मैत्री. नागपूरच्या दक्षिण टोकाला बेसा म्हणून भाग आहे, झपाट्यानं वाढणारा. तिथल्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने कडुलिंब आहेत आणि तो रस्ता आता वाहनांना पुरत नाही. रस्त्याचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयापुढं दोन पर्याय होते. एक, झाडं काढून आहे तोच रस्ता रुंद करायचा. दुसरा, मागच्या बाजूच्या पडीक जमिनीतून नवा रस्ता न्यायचा. झाडांसाठी प्रज्ञा वर्षभर झगडत होती. तिच्याच पाठपुराव्यामुळं कार्यालयानं एक अभ्यास करून घ्यायचं ठरवलं आणि तो आमच्या कंपनीकडं आला.

"तू ये फक्त," ती फोनवर म्हणाली होती. "आमचं ओरडणं कोणी ऐकत नाही. तुझा नकाशा बोलला का मंग सगळे गप बसतीन."

रामदासपेठ

उतरायची सोय मी रामदासपेठेतल्या एका लॉजवर करून घेतली होती. प्रज्ञाला ते आवडलं नाही. "घर असताना लॉजवर काहून राहून राहिली वं?" काम होईपर्यंत तिच्या घरी राहणं बरं दिसणार नाही, असं मी म्हटलं. तिनं खांदे उडवले, पण माझी बॅग स्वतः उचलून जिना चढली.

रामदासपेठ म्हणजे दवाखाने, औषधांची दुकानं, कचेऱ्या आणि मधेमधे जुने बंगले. सगळ्या खिडक्यांना बाहेरून कूलर लटकलेले. आमच्याकडं कूलर ही चैनीची वस्तू, इथं घराचा अवयव. माझ्या खोलीतला कूलर ट्रक चढाला लागावा तसा ओरडायचा, आणि बंद केला की शांततेपेक्षा उकाडाच आधी अंगावर यायचा. रस्त्यावर बायकांनी ओढणीनं डोकं-तोंड असं गुंडाळलेलं की फक्त डोळे दिसत. प्रज्ञानं मला तसंच गुंडाळलं. आरशात मी मलाच ओळखलं नाही.

पहिल्याच दिवशी, रस्ता ओलांडताना माझ्या चपलेचा तळ डांबराला चिकटून राहिला आणि मी वरचे पट्टे घेऊन पुढं गेले. मागून येणारा रिक्षावाला थांबला, हसला आणि म्हणाला, "नवतपा आहे ताई, इथं शिवलेली चप्पल पाहिजे, चिपकवलेली चालत नाही." मेच्या शेवटच्या त्या तापलेल्या दिवसांना इथं नवतपा म्हणतात आणि ते एखाद्या कडक नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतात. प्रज्ञानं मला शिवलेल्या चपला घेऊन दिल्या आणि तर्रीपोहे खायला नेलं. पोह्यांवर लालभडक रस्सा, हरभरे आणि वरून "सांबार". मी सांबाराची वाटी येईल म्हणून वाट बघत बसले. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला त्या पोह्यांच्या दुसऱ्या घासाला कळलं. तोवर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि प्रज्ञा पोट धरून हसत होती. त्या प्रवासातलं आमचं ते शेवटचं मोकळं हसणं होतं.

संध्याकाळी लॉजवर मी तिला तापमानाचा नकाशा दाखवला. बेशाचा भाग लाल, जिथं नवं सिमेंट पडलंय तिथं जवळजवळ काळपट लाल. उपग्रहाच्या चित्रातले ठिपके मोठे असतात, म्हणून झाडांची एक रांग त्यात दिसेल की नाही याची मला शंका होती. पण दिसली. लालात एक फिकट, अंधुक रेघ. प्रज्ञाच्या विद्यार्थ्यांनी हातातली यंत्रं घेऊन तो रस्ता उन्हात पायी मोजला होता. त्यांच्या नोंदी त्या रेघेवर तंतोतंत बसत होत्या.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"हे पाहिलं न," ती म्हणाली. "आता झालं आपलं काम."

बेसा

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो, तरी ऊन आमच्या आधी पोचलेलं होतं. बेशाकडं जाताना शहर संपतं असं वाटतं आणि परत सुरू होतं. उंच इमारत, मग शेत, मग प्लॉट विकण्याची पाटी, मग पुन्हा इमारत. आणि मधेच तो रस्ता. गाडीतून उतरून कडुलिंबांखाली पाय ठेवला आणि अंगावरून कुणीतरी घोंगडं काढून घ्यावं तसं वाटलं. उत्तर-दक्षिण रस्ता, दोन्ही बाजूंना रांग, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. खाली निंबोळ्यांचा सडा, आणि एक छोटा बाजार. पूर्वेच्या रांगेखाली पुष्पाबाई नावाची एक बाई कूलरच्या जाळ्या उसवून त्यांत नवा वाळा भरत बसली होती. पाण्याचा शिपका मारला की वाळ्याचा वास सुटायचा. समोर पश्चिमेच्या रांगेत पंक्चरवाला, टरबूजवाला आणि खाटेवर पेपर वाचत पडलेले एक आजोबा. प्रज्ञा सगळ्यांना ओळखत होती.

"ह्या पुण्याच्या मॅडम," तिनं पुष्पाबाईंना सांगितलं. "झाडं वाचवायले आल्या."

मी साताऱ्याची, हे सांगायचं राहिलं. आणि झाडं वाचवायला नाही, बघायला आले, हेही. पुष्पाबाईंनी हात पुसून मला माठातलं पाणी दिलं.

मग दुसऱ्या पर्यायाची जागा बघायला गेलो. ती लांजेवार कुटुंबाची होती. घरात सून होती, वर्षा. सासरे लग्नाला गेले होते. अंगणात खाटेवर पांढऱ्या कापडावर कुरड्या वाळत होत्या. आमच्याकडं कुरडई उन्हात टाकून दोन दिवस राखण करावी लागते. वर्षा म्हणाली, "इथं सकाळी टाकली का दुपारी डब्यात." तिनं पन्हं दिलं आणि आमच्याबरोबर स्वतः निघाली.

शेताच्या खालच्या अंगाला एक बांध होता आणि बांधाच्या आत कोरडी, भेगाळलेली जमीन. "ही आमची बोडी," वर्षा म्हणाली. बोडी म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी अडवायला घातलेलं छोटं तळं. आता तिथं थेंब नव्हता. एका टोकाला कुणीतरी विटांची यष्टी मांडून क्रिकेटचं मैदान केलं होतं. संगणकानं उन्हाळ्यातल्या चित्रावरून ज्या जमिनींवर पडीकचा रंग भरला होता, त्यांतलीच ही एक. रंग चुकला असं वाटायला वरून काही कारण नव्हतं.

"इथून रस्ता गेला तर?" मी वर्षाला विचारलं.

"जाऊ द्या न बाप्पा! पावसाळ्यात पोरीले शाळेत न्यायचं म्हणजे गुडघ्याएवढा गारा-चिखल. चपला हातात घेऊन जातो आम्ही. आमचे मामंजी तर सही द्यायले तयार हायेत. शेती आता कोण करून राहिलं?"

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सरळ आनंद होता. मालक राजी, जमीन कोरडी, झाडं वाचतात. यात अडचण कुठं आहे?

मी बोडीत उतरले. मातीच्या खपल्या कडेनं वर उचललेल्या होत्या आणि त्यांच्यावर शेवाळाची करडी कातडी वाळून बसलेली होती. ती पायाखाली पापडासारखी मोडत होती. भेगांत गोगलगायींचे शंख. माझ्या पावलांनी एक टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत मला शिव्या देऊ लागली. एवढं शेवाळ एका पावसात येत नाही. मी बांधावरच्या बाभळीच्या तोकड्या सावलीत बसले, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि पावसाळ्यातली चित्रं काढली. ढगांच्या आरपार बघणारे उपग्रह असतात. त्यांच्या चित्रात पाणी काळं दिसतं. मी एकेक पावसाळा उघडत गेले. दर वर्षी त्याच जागी काळा डाग. जोराच्या पावसानंतर तो फुगायचा, मग हळूहळू आक्रसत जायचा. त्यावर मी उताराचा नकाशा ठेवला. वरच्या सगळ्या बाजूंचं पाणी इथं येत होतं आणि बांधाच्या खालच्या बाजूला, सरळ उतारावर, नवी वसाहत होती. पिवळी, गुलाबी घरं, काही अजून प्लास्टर नसलेली.

रस्त्याचा भराव इथं पडला की बोडी गेली. दोन्ही बाजूंना प्लॉट पडणार, तेही आलंच. मग ते पाणी कुठं जाईल, हे शोधायला संगणकाची गरज नव्हती.

प्रज्ञा आणि वर्षा लांब बांधावर उभ्या राहून काहीतरी बोलून हसत होत्या. मी त्यांना हाक मारली नाही. "जरा खाली जाऊन येते," म्हणून एकटीच वसाहतीत गेले. एक गृहस्थ पाइपनं दारातली तुळस, जास्वंद आणि पायऱ्या, सगळं एकत्रच भिजवत होते. मी विचारलं, "पावसाळ्यात इथं पाणी भरतं का हो?"

"नाही नाही. इथं पाण्याचा काहीच त्रास नाही, म्हणून तर हा प्लॉट घेतला." मग त्यांनी कौतुकानं विचारलं, "घ्यायचा आहे का तुम्हाला? शेजारचा रिकामा आहे."

वर बोडी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाणी कधी आलंच नव्हतं, तर ते कशामुळं येत नाही हे त्यांनी कशाला विचारावं? त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. बोडी तिच्या मालकाला नको होती, माझ्या मैत्रिणीला ती नको होती, कार्यालयाला ती माहीत नव्हती, आणि ज्यांना ती वाचवत होती ते मला शेजारचा प्लॉट दाखवत होते. त्या कोरड्या खड्ड्याची बाजू घेणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि मला ती घ्यायची इच्छा नव्हती.

खापरखेडा

त्याच दिवशी प्रज्ञाच्या बाबांकडं जेवायला जायचं ठरलेलं होतं. ते खापरखेड्याला राहतात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, औष्णिक वीज केंद्राजवळ. लांबूनच चिमण्या दिसतात आणि जवळ जावं तशा दूर राहतात. गावात शिरल्यावर झाडांची पानं हिरवी असूनही करडी दिसली. प्रज्ञा म्हणाली, "राख आहे. लहानपणी मी चित्रात झाडं करड्याच रंगानं रंगवायची. बाईंनी मारलं होतं."

तिचे बाबा वीज केंद्रातून निवृत्त झालेले. जन्मभर कोळसा उतरवण्याच्या विभागात काम केलेलं, आता बायको गेल्यावर एकटे. दारात "जयभीम" म्हणून हात जोडले आणि मला सरळ स्वयंपाकघरातच नेलं. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता. छप्पनच्या दीक्षेला ती पायी नागपूरला आली होती, असं त्यांनी पातेल्याचं झाकण उचलता उचलता सांगितलं. गोळाभात त्यांनी स्वतः केला होता. भातात बेसनाचे गोळे वाफवलेले आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी. आमच्याकडं भातावर तूप घेतात, तेल म्हटलं तर लोक तोंड वाकडं करतील. मी दोनदा मागून घेतला.

जेवायला आम्ही गच्चीवर बसलो होतो. सूर्य नुकताच बुडत होता. बाबांनी गच्चीवर पाणी शिंपडलं होतं, त्याची वाफ तळपायांना लागत होती. प्रज्ञा भरभरून बोलत होती. उद्याच्या कार्यालयातल्या बैठकीत मी कुठलं चित्र आधी दाखवावं, कुठलं नंतर. मी घास चावत होते आणि ऐकत नव्हते. शेवटी मी ताट खाली ठेवलं.

"प्रज्ञा, बोडी जाऊ देता येणार नाही."

ती थांबली. मी तिला सगळं सांगितलं. काळे डाग, उतार, वसाहत. लॅपटॉप उघडून दाखवलं. तिनं नीट बघितलं. ती शास्त्र शिकवणारी बाई आहे, तिला दोनदा सांगावं लागत नाही.

"म्हणजे कडुलिंब जातीन," ती म्हणाली.

"माझ्यापुढं दोनच पर्याय आहेत. त्यांत..."

"तुले हेच सापडायचं होतं काय वं?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त लागलं. "वर्षभर मी पोरांना घेऊन उन्हात फिरली. कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. अभ्यास करा, अभ्यास करा म्हणून मीच त्यांच्या मागं लागली. मीच तुले बोलावली. आणि तू आता म्हणून राहिली का झाडं तोडा?"

"झाडं तोडा असं मी म्हणत नाही."

"मंग काय म्हणते? रस्ताच नको असं तुझा नकाशा म्हणत नाही काय?"

ते मला कुणी विचारलंच नव्हतं. हे उत्तर किती किरकोळ आहे ते तोंडातून बाहेर पडायच्या आधीच मला कळलं, म्हणून मी ते दिलं नाही.

बाबांनी माझ्या ताटात ताक वाढलं, मग लेकीकडं वळले. "खोटं सांगायले लावशील काय तिले?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण राग तर येऊ द्या न मले."

"येऊ दे," बाबा म्हणाले. "जेवून घे आधी."

ती जेवली नाही. मला लॉजवर सोडताना गाडी बंदही केली नाही. उतरताना मात्र माझी पाण्याची बाटली गाडीत राहिली होती, ती खिडकीतून पुढं केली.

पुन्हा रामदासपेठ

बैठक रामदासपेठेतच होती, माझ्या लॉजपासून जवळ. आदल्या रात्री मला झोप आली नव्हती. पहाटे उठून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली होती. दोन्ही रांगा वाचत नसतील तर एक तरी वाचते का? दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणजे दुपारची सावली रस्त्यावर टाकते ती पश्चिमेची रांग. शाळा सुटते, लोक कामावरून परततात, ते त्याच सुमाराला. रस्ता दोन्हीकडं थोडा थोडा न वाढवता सगळा पूर्वेकडं वाढवला तर पश्चिमेची रांग राहते. सावलीचा नकाशा काढला. दुपारभर रस्त्याचा बराच भाग झाकला जात होता.

कार्यालयातले मुख्य अधिकारी बोरकर साहेब, त्यांच्या खोलीत एसी होता, आणि साहेब माझ्याइतकेच थकलेले दिसले. प्रज्ञा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी बोडीची चित्रं दाखवली.

"बोडी आहे, मान्य," साहेब म्हणाले. "पण खालून पाइप टाकून देऊ न मॅडम. पाणी निघून जाईल."

"निघून जाईल, पण त्या घरांत. बोडी पाणी अडवून धरते म्हणून घरं कोरडी आहेत. पाइप धरून ठेवणार नाही, उलट लवकर पोचवेल."

ते खुर्चीत मागं टेकले. "तुम्हा लोकांचं असं असते. हे करू नका, तेही करू नका. ट्रॅफिक काय मी डोक्यावर घेऊन जाऊ?"

त्यांचाही नाइलाज मला दिसत होता. मी सावलीचा नकाशा पुढं सरकवला आणि पूर्वेकडं वाढवण्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, नकाशा फिरवून बघितला, उत्तर कुठं आहे ते विचारलं. मग म्हणाले, "एका बाजूचीच झाडं. हे होऊ शकते. प्रस्ताव तसा पाठवतो." आणि प्रज्ञाकडं वळून, जरा अवघडून, "मेश्राम मॅडम, अर्धी तर वाचली न?"

प्रज्ञा म्हणाली, "झाडाले अर्धं नसते सर." तिनं एवढंच म्हटलं. विरोधही केला नाही.

बाहेर आलो तर ऊन भिंतीसारखं उभं होतं. जिन्यात तिनं मला थांबवलं. "तिथल्या लोकांना मी सांगणार नाही. तूच सांग."

कडुलिंबाखाली

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. सकाळी प्रज्ञा लॉजच्या दारात उभी होती. मला वाटलं होतं ती येणार नाही. बेशापर्यंत आम्ही दोघी समोरचा रस्ता बघत बसलो.

पुष्पाबाई एका मोठ्या जाळीत वाळा भरत होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. मागच्या जमिनीतून रस्ता का नको ते सांगितलं. खालच्या घरांचं सांगितलं. ही बाजू जाईल, समोरची राहील, लगेच नाही पण जाईल, हेही. मी किती सोपं करून बोलत होते, आणि तरी प्रत्येक वाक्य मला परकं वाटत होतं. त्यांचे हात मधेच थांबले होते.

"म्हणजे तुमी पाह्यलं, अन् मंग आमचीच झाडं निघाली?"

"हो."

"त्या दिवशी तर म्हणत होत्या का वाचवायले आल्या."

प्रज्ञा मागं उभी होती. "ते मी म्हटलं होतं, पुष्पाबाई," ती म्हणाली. "तिनं नाही म्हटलं."

वाळा तसाच मांडीवर ठेवून पुष्पाबाईंनी वर बघितलं. त्यांच्या डोक्यावरची फांदी बरीच लांब गेलेली होती आणि तिच्यात कावळ्याचं घरटं होतं. मग त्यांनी रस्त्यापलीकडं हाक मारली, "काहो भाऊ, तुमच्या बाजूला जागा निघन काय गा, पुढंमागं?"

पंक्चरवाल्याला काय चाललंय ते कळलेलं नव्हतं. "कायले?"

"सांगतो मंग," त्या म्हणाल्या, आणि जाळीत पुन्हा हात घातला. माझ्याकडं त्यांनी परत पाहिलं नाही. त्या ओरडून काही बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी उठले तेव्हा गुडघ्यांत कळ आली. आता निघायचं, असं म्हणून मी गाडीकडं वळले. प्रज्ञा मात्र डिकी उघडून काहीतरी शोधत होती. तिनं पिवळी कापडी टेप बाहेर काढली, शिंप्याकडं असते तशी, पण बरीच लांब. आणि पूर्वेच्या रांगेच्या टोकाच्या पहिल्या कडुलिंबाकडं चालत गेली. तोडायच्या झाडाचं वय त्याच्या घेरावरून काढतात आणि जितकं वय तितकी नवी झाडं लावून जगवावी लागतात, असा नियम आहे. मोजायला येणारा माणूस घाईत असतो. टेप सैल धरायची की आवळायची, खोडाच्या कुठल्या उंचीवर, यावर झाडाची वर्षं कमी-जास्त होतात.

तिनं टेपचं एक टोक खोडाला लावलं. खोड तिच्या कवेत मावत नव्हतं. टोक सुटून खाली पडलं. तिनं उचललं, पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मी बघत उभी होते.

"येऊन राहिली का नाही वं?" ती वळून न बघता म्हणाली. "दुसरं टोक धर. अन् नीट धर. एक इंचसुद्धा कमी भरायले नको."

मी ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि गेले. साल खरबरीत आणि कोमट होती. मी झाडाच्या पलीकडं गेले, तिनं इकडून टेप दिली, मी तिकडून घेतली. मग आकडा, मग पुढचं झाड. गाडीला अजून वेळ होता आणि रांग मोठी होती.